हिस्ट्री पुसली, नोंद राहिली

मागच्या महिन्यात घरी गेलो होतो, केमला. करमाळा तालुक्यातलं, कुंकवासाठी प्रसिद्ध असलेलं केम. मामांच्या कारखान्यात बसलो होतो, तर मामांनी मोबाईल पुढे केला. "काय रं, हिस्ट्री पुसली म्हंजी झालं का? आता कुणाला काय दिसत न्हाय न्हवं?"

मी म्हटलं, "मामा, तुमच्या फोनमधून गेलं. सिमवाल्या कंपनीकडून नाही."

आजचा भाग त्यावरच.

कंपनीकडे दोन वह्या असतात असं समजा. एक सीडीआर, म्हणजे कॉलची. कुणाला फोन लावला, किती वाजता, किती वेळ, कोणत्या टॉवरवरून. दुसरी आयपीडीआर, म्हणजे इंटरनेटची. फोन कोणत्या आयपी पत्त्याशी बोलला, कधी आणि किती डेटा गेला-आला. इन्कॉग्निटो वापरा नाहीतर हिस्ट्री पुसा, या वह्यांना काही फरक पडत नाही. या नोंदी पूर्वी एक वर्ष ठेवायच्या असत. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने ही मुदत किमान दोन वर्षं केली.

आता तुम्ही म्हणाल, आत काय बोललो ते तर नाही ना कळत? नाही कळत. व्हॉट्सॲपचा मजकूर कंपनीला वाचता येत नाही. पण विचार करा. एखाद्याचा फोन रोज केमच्या टॉवरवर असतो आणि दर पंधरा दिवसांनी सकाळी बार्शीत, कॅन्सर हॉस्पिटलच्या बाजूच्या टॉवरवर. आता संभाषण ऐकायची गरज आहे का? घरात लग्नाची मुलगी असेल तर ही एवढी माहिती गावात फुटणं म्हणजे काय, ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको.

जर्मनीतले राजकारणी माल्टे श्पिट्झ यांनी आपल्याच फोन कंपनीवर खटला भरून सहा महिन्यांच्या नोंदी मिळवल्या. २०११ मध्ये त्या नकाशावर मांडल्या, तर माणूस कुठे झोपला आणि कोणत्या ट्रेनने गेला, सगळं दिसत होतं. पुढे २०१४ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सरसकट सगळ्यांचा डेटा साठवायला लावणारा युरोपीय कायदाच रद्द केला.

पोलिसांची बाजू खोटी नाही हं. मोबाईल इंटरनेटवर एकच आयपी पत्ता एकाच वेळी कितीतरी जण वापरत असतात. कुणाच्या आईचे पैसे ऑनलाइन लुटले गेले, तर त्या क्षणी त्या पत्त्यामागे नेमकं कोण होतं, ते याच वहीतून कळतं. वही नसेल तर तपास तिथेच थांबतो.

प्रश्न आहे वही कोण उघडतं, याचा. नियमाने सीडीआर मागायला पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी लागतो. तरी २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआरची बेकायदा विक्री उघडकीस आणली, आणि त्यात खासगी गुप्तहेरांना अटक झाली. साठा केला की गळती आलीच.

व्हीपीएनने सुटका होते का? एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने व्हीपीएन कंपन्यांनाही ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी पाच वर्षं ठेवायला सांगितलं. नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क, एक्सप्रेसव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. आणि व्हीपीएन लावलं तरी टॉवरला तुमचा फोन दिसतोच, ते लपत नाही.

एक कबुली देतो. बीटेक झाल्यावर पहिल्या नोकरीत आम्हा फ्रेशर्सनासुद्धा ग्राहकांचे खरे लॉग उघडे होते. मी एकदा ओळखीच्या मुलीचा नंबर टाकून पाहिला. तिने कुठे काय मागवलं, कोणत्या पत्त्यावर. दोन मिनिटांत बंद केलं, पण पाहिलं ना. कुणी विचारलं नाही, कुठे नोंद झाली नाही. तिला आजही माहीत नाही.

म्हणून हल्ली माझ्या टीममध्ये मी एकच हट्ट धरून बसलोय. लॉग कुणी उघडला, कशासाठी उघडला, याचाही लॉग ठेवा, आणि नव्वद दिवसांनी जुना डेटा पुसा. पहिलं मान्य झालंय. दुसऱ्यावर मॅनेजर म्हणतात, "राहू दे ना, स्टोरेज स्वस्त आहे." परवा पुन्हा मीटिंग आहे.