सॅम्युएल डिलेनी : खासगीची हद्द

लेखकाचे खासगी आयुष्य बाजूला ठेवून साहित्य वाचावे, हा सल्ला एरवी शहाणपणाचाच. अमेरिकन विज्ञानकथाकार सॅम्युएल आर. डिलेनी यांना तो लावायला गेले की मात्र पंचाईत होते. खासगी काय आणि ते ठरवते कोण, हाच तर त्यांच्या लेखनाचा गाभा. 1942 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय, समलिंगी लेखकाने 1961 मध्ये कवयित्री मॅरिलिन हॅकरशी लग्न केले. तो एकोणीस वर्षांचा, ती अठराची, गोरी, ज्यू, आणि तिला दिवस गेलेले. त्याचा ओढा पुरुषांकडे आहे, हे तिला ठाऊक होते. लग्नाचे वय आणि वर्ण यांबाबतचे कायदे तेव्हा प्रत्येक राज्यात निराळे होते. ते टाळून लग्न लावायला जवळचे राज्य मिशिगन, म्हणून डेट्रॉइट गाठावे लागले, असे डिलेनी सांगतात. संसार मांडण्याआधीच त्यात सरकार येऊन बसले होते.

1988 च्या ‘द मोशन ऑफ लाइट इन वॉटर’ या आत्मकथनात एक प्रसंग आहे. 1964 मध्ये मन खचल्यामुळे डिलेनी रुग्णालयात होते. तिथल्या गटोपचारात त्यांनी आपण समलिंगी असल्याचे सांगितले खरे, पण सांगताना तोंडून आली ती भाषा पुस्तकी : हा आपला दोष आहे, त्यावर प्रयत्न चालू आहेत, वगैरे. प्रत्यक्षात त्यांना त्या सुखाची खंत नव्हती. अनुभव स्वतःचा, शब्द मात्र डॉक्टरांचे. ही विसंगती त्यांना नंतर उमगली, आणि माझ्या मते त्यांच्या पुढच्या लेखनाची किल्ली इथे आहे. 1967 च्या ‘आय, अँड गोमोरा’ या कथेत अंतराळात काम करता यावे म्हणून वयात येण्याआधीच लिंगभाव पुसलेली माणसे आहेत, आणि नेमक्या त्यांच्याचसाठी झुरणारे लोक. समलिंगी माणसांचे हे रूपक म्हणून कथा वाचणे सोपे, पण अपुरे. जिला अजून नावच पडलेले नाही अशी एक इच्छा लेखकाने घडवली. तिला नाव देताना समाज काय काय करतो, ते मग आपोआप दिसू लागते. रुग्णालयात जे जमले नाही, ते विज्ञानकथेत जमले.

यावर पहिला आक्षेप असा, की आठवणींवर भरवसा कसा ठेवायचा? डिलेनी तो आपल्याच पुस्तकात आधी मांडतात. वडील 1958 मध्ये गेले, तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, हे वाक्य ते वर्षानुवर्षे सांगत आले होते. चरित्रविषयक माहिती जुळवणाऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिले, की मृत्यू 1960 चा आणि मुलगा तेव्हा अठराचा. जन्मसालाशी ताडून पाहिले तरी ते वाक्य टिकत नाही. दुसऱ्या कोणी ते गुपचूप दुरुस्त केले असते; डिलेनींनी चूक तशीच ठेवून तिच्याशेजारी खरी तारीख मांडली. तारखेचा साक्षीदार म्हणून हा माणूस कच्चाच, पण त्या काळात कोणते शब्द बोलता येत होते, याचा पक्का.

दुसरा आक्षेप बीभत्सपणाचा. ‘टाइम्स स्क्वेअर रेड, टाइम्स स्क्वेअर ब्लू’ (1999) मध्ये अश्लील चित्रपटगृहांतल्या शरीरसंबंधांची वर्णने आहेत, आणि ती सौम्य नाहीत. पण पुस्तकाचा मुद्दा नगररचनेचा आहे. वेगवेगळ्या वर्गांतली, वर्णांतली माणसे जिथे एरवी न होणाऱ्या ओळखी करत होती, त्या जागा 42 व्या रस्त्याच्या पुनर्विकासात गेल्या. वर्णने गाळली तर हा युक्तिवाद निव्वळ हळहळ होऊन बसतो.

सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा : स्वतःचे उघड करताना इतरांच्या खासगीपणाचे काय? आत्मकथनात हॅकरच्या कविता येतात, म्हणजे तिची बाजू तिच्या शब्दांत. डिलेनींचे जोडीदार डेनिस पूर्वी बेघर होते, रस्त्यावर जुनी पुस्तके विकत. त्यांच्यावरच्या ‘ब्रेड अँड वाइन’ या चित्रकथेच्या शेवटी ते स्वतः, डिलेनी आणि चित्रकार मिया वुल्फ अशा तिघांचा संवाद आहे. मात्र चित्रपटगृहातल्या अंधारात भेटलेल्या पुरुषांना विचारायला कोणी गेले नव्हते. नावे न देणे हा त्यावरचा उपाय अर्धाच आहे, आणि उरलेल्या अर्ध्याचे उत्तर या पुस्तकांत सापडत नाही.