मुक्ती फौजेचा लाल हंडा

नोव्हेंबरातला चौथा गुरुवार हा अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण. तो उलटला की नाताळच्या खरेदीची झुंबड उडते, आणि त्याच सुमारास सुपरमार्केटच्या दाराशी लोखंडी तिवईला टांगलेला एक लाल हंडा दिसू लागतो. शेजारी लाल एप्रन घातलेलं कुणीतरी हातातली लहानशी घंटा हलवत उभं असतं. थंडी मी म्हणत असते, येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात ओझ्याने भरलेले असतात, तरी कुणी ना कुणी थांबतं, खिसा चाचपतं आणि हंड्याच्या फटीतून नाणं आत सोडतं. देशभरात असे सुमारे 25 हजार हंडे लागतात. रविवारी मात्र बहुतेक ठिकाणी घंटा वाजत नाही. हा हंडा लावणारी संस्था मुळात एक चर्च आहे, आणि रविवार उपासनेचा असतो.

या चर्चचं नाव साल्व्हेशन आर्मी. महाराष्ट्रात ते 'मुक्ती फौज' म्हणून परिचित आहे. विल्यम आणि कॅथरीन बूथ या दांपत्याने 1865 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत काम सुरू केलं. 1878 मध्ये त्याला आजचं नाव मिळालं आणि त्याबरोबर सैन्याचा सगळा सरंजामही आला. इथला पाळक म्हणजे कॅप्टन किंवा मेजर, सभासद म्हणजे सैनिक आणि गावातली मंडळी म्हणजे 'कोअर'. 1880 मध्ये जॉर्ज स्कॉट रेल्टन सात स्त्रियांना घेऊन न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला आणि फौज अमेरिकेत पोचली. भुकेल्याला आधी जेवण द्यावं, देवाच्या गोष्टी मग सांगाव्यात, ही बूथ यांची शिकवण तिच्यासोबत गेली.

हंड्याची कथा सुरू होते 1891 च्या डिसेंबरात, सॅन फ्रान्सिस्को शहरात. तिथल्या कोअरचा कॅप्टन जोसेफ मॅकफी याने नाताळला एक हजार गरिबांना जेवण घालायचं ठरवलं. पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न होताच. फौजेच्या इतिहासात नोंदलं आहे की मॅकफी पूर्वी खलाशी होता. लिव्हरपूलच्या धक्क्यावर ठेवलेलं एक मोठं भांडं त्याने तेव्हा पाहिलं होतं. जाणारेयेणारे त्यात गरिबांसाठी पैसे टाकत. त्याची आठवण ठेवून त्याने खेकडे शिजवण्याचा एक हंडा मिळवला, परवानगी काढली आणि मार्केट स्ट्रीटच्या टोकाला, ओकलंडच्या फेरीबोटी लागत तिथे, तो तिवईला टांगला. वर पाटी लावली: भांडं उकळतं ठेवा.

जागेची निवड विलक्षण नेमकी होती. खाडीवरचा पूल व्हायला अजून पंचेचाळीस वर्षं होती. ओकलंडहून शहरात येणाऱ्या गिरणीकामगाराला, कारकुनाला आणि सावकारालाही फेरीबोटच घ्यावी लागे आणि सगळ्यांना त्याच धक्क्यावरून चालत जावं लागे. चर्चची पायरी न चढणारा माणूसही त्या हंड्यासमोरून जाई. जेवणाचे पैसे जमले. 1895 पर्यंत पश्चिम किनाऱ्यावरच्या तीस कोअरनी हीच पद्धत उचलली होती. पश्चिमेकडून बदली होऊन आलेल्या विल्यम मॅकिन्टायर या अधिकाऱ्याने 1897 मध्ये पत्नी आणि बहिणीला सोबत घेऊन बॉस्टनच्या वॉशिंग्टन स्ट्रीटवर तीन हंडे लावले. त्या वर्षी देशभरातल्या हंड्यांतून दीड लाख गरिबांचं नाताळचं जेवण झालं, असं फौजेची कागदपत्रं सांगतात.

जवळून पाहिलं तर हे यंत्र अगदी साधं आहे. तीन पाय आणि त्यांच्यामध्ये लोंबणारं एक भांडं. भांड्यावर झाकण, झाकणाला कुलूप आणि मधोमध एक अरुंद फट. फटीतून नाणं सहज जातं, नोट घडी करून सरकवावी लागते आणि हात काही आत जात नाही. घंटा वाजवणाऱ्याकडे सुटे परत द्यायला काही नसतं, पावतीपुस्तक नसतं आणि देणाऱ्यांची यादीही नसते. नोट पाचाची आहे की शंभराची, हे त्याला बहुधा कळतही नाही. त्याच्याकडून सर्वांना तेच आभार आणि त्याच नाताळच्या शुभेच्छा मिळतात. काही न देता गेलेल्यालाही मिळतात.

या निनावीपणाला एक सुंदर परंपराही चिकटली आहे. 1982 मध्ये इलिनॉय राज्यातल्या क्रिस्टल लेक गावी एका हंड्यात सोन्याचं नाणं निघालं. तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावात मोजणीच्या टेबलावर डॉलरच्या नोटेत गुंडाळलेलं सोन्याचं नाणं सापडतं. टाकणारा कोण, हे सहसा कधीच समजत नाही.

देणाऱ्याचं नाव झाकण्याची सोय हंड्यात पहिल्यापासूनच होती. घेणाऱ्याचा चेहरा झाकायला मात्र फौजेला वेळ लागला. इथे एका माणसाची ओळख करून द्यायला हवी, कारण त्याचा मुंबईशी थेट संबंध आहे. फ्रेडरिक टकर हा इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधला अधिकारी. नोकरीचा राजीनामा देऊन 1882 च्या सप्टेंबरात तीन साथीदारांसह तो मुंबई बंदरात उतरला आणि भारतात मुक्ती फौज उभी राहिली. रस्त्यातून मिरवणूक काढली म्हणून सरकारने त्याला अटक केली. त्याने भगवी वस्त्रं चढवली, फकीर सिंग हे नाव घेतलं, तो अनवाणी हिंडला आणि भिक्षेच्या अन्नावर राहिला. पुढे बूथ यांच्या एम्मा या कन्येशी त्याचा विवाह झाला. 1896 मध्ये या दोघांकडे अमेरिकेतल्या फौजेची सूत्रं आली. हंडे एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पसरले ते याच काळात.

टकर यांच्याच कारकिर्दीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नाताळच्या प्रचंड पंगती बसू लागल्या. 1899 च्या पंगतीत हजारो गरीब खाली जेवत होते आणि वरच्या सज्जांत, बॉक्समध्ये बसून शहरातली सधन मंडळी ते जेवण पाहत होती. जेवण खरं होतं, भूक खरी होती आणि हेतूही चांगला होता. तरीही आपण घास घेताना वरून कुणीतरी पाहत आहे, हे ओझं त्या पंगतीतल्या प्रत्येकाला वाहावं लागलं असणार. पुढे ही पद्धत मागे पडली. कुटुंबांना किराण्याचे चेक देण्यात येऊ लागले, म्हणजे आपल्या आवडीचं सामान आणून त्यांना ते आपल्या घरी शिजवता येई. फौजेच्या इतिहासातला हा बदल हंड्याच्या शोधाइतकाच मोलाचा आहे.

त्या विचाराचं सर्वांत नेटकं रूप 1979 मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग गावी पाहायला मिळालं. तिथले मेजर चार्ल्स आणि शर्ली व्हाइट यांनी देवदूताचं चित्र असलेल्या शुभेच्छापत्रांवर मुलांच्या इच्छा लिहिल्या आणि मॉलमधल्या नाताळच्या झाडाला ती टांगली. खरेदीला आलेल्यांनी एकेक कार्ड उतरवून घेतलं. पहिल्याच वर्षी सातशेहून अधिक मुलांना भेटी मिळाल्या आणि 'एंजल ट्री' देशभर पोचलं.

आज झाडावरच्या चिठ्ठीत नेमकं एवढंच असतं: पहिलं नाव किंवा क्रमांक, वय, कपड्यांचं माप, बुटांचं माप आणि एखादी इच्छा. आडनाव, पत्ता, फोटो यांपैकी काहीच नसतं. चिठ्ठी घेणारा वस्तू विकत आणतो आणि चिठ्ठीसह कोअरकडे देतो. भेट रंगीत कागदात गुंडाळायची नाही, अशी सूचना असते. कोठारात स्वयंसेवक क्रमांकांनुसार पिशव्या लावतात आणि ठरल्या दिवशी आईवडील येऊन आपली पिशवी घेऊन जातात. कागद आईवडिलांनी घरी लावायचा. नाताळच्या सकाळी मूल भेट उघडतं ती आईबाबांच्या हातची. एखाद्या चिठ्ठीवरची भेट मुदतीत आली नाही, तर त्या मुलाची सोय शेवटच्या दिवसांत कोअरलाच करावी लागते. कार्यकर्ते अशा मुलाला 'विसरलेला देवदूत' म्हणतात आणि त्याच्यासाठी काही वस्तू आधीच राखून ठेवतात.

ही घडी बसली खरी, पण आज ती पाच बाजूंनी ओढली जाते आहे.

पहिली अडचण दाराची. हंड्याला वर्दळीचं दार लागतं आणि ते दार दुसऱ्याच्या मालकीचं असतं. 2004 मध्ये टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीने आपल्या आवारात हंडे लावायला मनाई केली. दुकानाचं दार मिळालं तरी ऑनलाइन खरेदी करणारं गिऱ्हाईक त्या दाराशी येतच नाही. ज्या मोक्याने मॅकफीचा हंडा भरला, तो मोकाच आटत चालला आहे.

दुसरी अडचण नाण्याची. लोकांच्या खिशात सुटे पैसे राहिलेले नाहीत. 2019 पासून हंड्यांवर फोनने पैसे देण्यासाठी क्यूआर कोडची सोय झाली. फोनवरून देणगीची रक्कम मोठीही असू शकते. पण चार वर्षांच्या मुलाच्या मुठीत आई जे नाणं देते आणि ते टाकायला त्याला वर उचलून धरते, ती सवय फोनने लागणार नाही, ही काळजी रास्त आहे.

तिसरी अडचण दिवसांची. थँक्सगिव्हिंग 22 नोव्हेंबरला आलं तर नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत रविवार वगळून 27 दिवस मिळतात. 28 ला आलं तर 22 च. 2019 मध्ये ते 28 तारखेला आलं होतं. 2012 मध्ये हंड्यांत सुमारे 14.87 कोटी डॉलर जमले होते, 2019 मध्ये ते सुमारे 12.6 कोटींवर आले. मोसम लांबवण्यासाठी पुष्कळ कोअर आता नोव्हेंबरच्या मध्यापासूनच तिवया मांडतात. 2020 मध्ये महासाथीत तर निधी उभारणीची हाक सप्टेंबरातच द्यावी लागली.

चौथी अडचण माणसांची. तासन्‌तास थंडीत उभं राहायला पुरेसे स्वयंसेवक मिळत नाहीत, म्हणून अनेक गावांत घंटा वाजवायला मजुरीवर माणसं घेतली जातात. देणगीतला पैसा मजुरीत जातो, असा आक्षेप त्यावर येतो. पण मोसमापुरतं का होईना, काम नसलेल्या माणसाला काम मिळतं, आणि तीही मदतच आहे. या वादात घंटा वाजवणाऱ्याच्या बाजूने उभं राहावं.

पाचवी अडचण सर्वांत अवघड, कारण ती विश्वासाची आहे. समलिंगी व्यक्तींबाबतच्या भूमिकेवरून फौजेवर अनेक वर्षं टीका होत आली आहे. आपण कुणालाही भेदभाव न करता मदत देतो, असं फौज सांगते. 2019 मध्ये चिक-फिल-ए या उपाहारगृहसाखळीच्या प्रतिष्ठानने फौजेला दिली जाणारी देणगी थांबवत असल्याचं जाहीर केलं. 2021 मध्ये वंशभेदावरच्या एका मार्गदर्शिकेमुळे उलट बाजूचे देणगीदार रागावले आणि फौजेने ती मागे घेतली. चर्चला आपल्या श्रद्धा असणारच. पण भर रस्त्यात मागणाऱ्या चर्चने दाराशी आलेल्या प्रत्येकाला निर्धास्तपणे आत येता येईल, हे कृतीतून पुन्हा पुन्हा दाखवत राहिलं पाहिजे. त्यातून सूट मागण्याची सोय तिला नाही.

या सगळ्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. हंड्यातला पैसा साधारणपणे त्याच गावातल्या कोअरकडे राहतो आणि त्यावर वर्षभराचा शिधा, निवारा, थकलेलं वीजबिल आणि मुलांची शिबिरं चालतात. म्हणजे बारा महिन्यांची गरज पाच-सहा आठवड्यांच्या दयेवर टांगलेली असते. डिसेंबरातला पाऊस, वादळ किंवा बंद झालेलं एखादं दुकान यांचा फटका पुढच्या जुलैत कुणाच्या तरी ताटाला बसतो.

न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत हजारो मराठी कुटुंबं याच दुकानांत खरेदी करतात. तिथल्या महाराष्ट्र मंडळांनी एकेका दुकानाच्या दाराशी दोन-दोन तास घंटा वाजवायची जबाबदारी घ्यावी. एंजल ट्रीची चिठ्ठी घेतलीत, तर भेट मुदतीच्या आत पोचवा, आणि कागद न लावता पोचवा. आणि मार्च-एप्रिलमध्ये जवळच्या कोअरला एक फोन करून शिध्यात काय कमी आहे ते विचारा. तेव्हा दाराशी हंडा नसतो.