बातमीपत्राचे स्थलांतर

पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून सकाळी 7 वाजून 10 मिनिटांचे बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश जून 2023 मध्ये निघाला. कारण काय, तर विभागाला अधिकारी नाही! रिकामे पद भरण्याऐवजी विभागच गुंडाळायचा, ही सुधारणा अजबच म्हणावी लागेल. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन लांबले की बारामती-इंदापुरातला उभा ऊस सुकू लागतो. या बातमीचे मोल पुण्यातील संपादकास समजावून द्यावे लागत नाही. ओरड झाली आणि काही दिवसांतच आदेशाला स्थगिती मिळाली. यापुढे तरी असा फेरबदल कर्मचारी, वार्ताहर व श्रोते यांच्यापुढे आधी मांडावा. 1953 पासून चालत आलेल्या केंद्राचा एवढा मान राखणे दिल्लीला अवघड नाही.