गोल्फ प्रशिक्षक

गोल्फ प्रशिक्षक म्हणजे शुल्क घेऊन गोल्फ शिकवणारा व्यावसायिक. या खेळात बक्षिसाची रक्कम स्वीकारणाऱ्याप्रमाणेच शिकवण्याचे मानधन घेणाराही सर्वसाधारणपणे हौशी दर्जा गमावतो. म्हणजे खेळणे आणि शिकवणे या एकाच व्यवसायाच्या दोन शाखा होत. चार फेऱ्यांच्या स्पर्धेत बहुधा दोन फेऱ्यांनंतर बरेच खेळाडू बाद होतात. त्यांच्या हाती सहसा काहीच पडत नाही, प्रवास, निवास आणि कॅडीचा खर्च मात्र चुकत नाही. त्यामुळे अनेक जण नियमित मिळकतीसाठी प्रशिक्षणाकडे वळतात. नवी मुंबईत सिडकोने खारघर येथे गोल्फ कोर्स उभारला आहे. पुण्यात जन्मलेले अनिर्बान लाहिरी २०१५ मध्ये आशियाई टूरच्या क्रमवारीत अव्वल ठरले. विजय दिवेचा हे त्यांचे दीर्घकाळचे प्रशिक्षक.