कूलरच्या घरघरीत तानपुरा

मे महिन्यात जळगावात घरी बसून गाणं ऐकायचं, तर पहिला सामना कूलरशी होतो. पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळायला लागला की खिडकीतला तो पत्र्याचा खोका दिवसरात्र चालू असतो. मोटरची घरघर, पात्यांचा वारा, गवताच्या पॅडवरून निथळणारं पाणी. कूलर बंद केला तर दहा मिनिटांत लक्ष गाण्यावरून घामावर जातं. चालू ठेवला तर विलंबित ख्यालातली आस मोटरमध्येच विरघळते. स्पीकर मोठा करावा, तर भिंतीला भिंत लागून घरं आणि दुपारी निजलेली म्हातारी माणसं. धुळ्यातही काही वेगळं नाही. गल्ली नंबर चार असो की देवपूर, उन्हाळ्याच्या दुपारी गल्लीभर कूलरचाच सूर लागलेला असतो.

या कोंडीतून वाट काढताना काही जण स्टुडिओतल्या बंद हेडफोनकडे वळतात. मीही वळलो आणि बरीच वर्षं त्याच्याबरोबर काढली. बंद म्हणजे काय, तर कानाभोवती पूर्ण बसणारी गोल उशी आणि पाठीमागे जाळीऐवजी सलग भिंत असलेला कप. घरी निवांत ऐकण्यासाठी जगभरचे शौकीन सहसा उलट प्रकार सुचवतात. मागून उघडा, जाळीचा, ज्यातून हवा आणि आवाज दोन्ही ये-जा करतात. झेनहायझर कंपनीने १९६८ साली एचडी ४१४ हा उघडा हेडफोन आणला आणि तो अफाट खपला. त्यातलं संगीत मोकळं, डोक्याबाहेर पसरल्यासारखं वाटतं. पण त्यासाठी शांत खोली लागते. ती युरोपातल्या हिवाळ्यात मिळते, आपल्याकडे मेमध्ये नाही.

स्टुडिओतला बंद हेडफोन मुळात ऐकण्याच्या सुखासाठी केलेलाच नाही, ते कामाचं हत्यार आहे. गायक मायक्रोफोनसमोर उभा राहतो, आधी वाजवून ठेवलेला ठेका त्याच्या कानात सुरू असतो. हेडफोन उघडा असेल तर तो ठेका बाहेर गळतो, मायक्रोफोन तो पकडतो आणि गाण्याच्या ट्रॅकमध्ये ती चिकचिक कायमची राहते. रेडिओचंही तसंच. निवेदकाने माइक सुरू केला की त्या खोलीतला स्पीकर मुका करावा लागतो, नाहीतर आवाज फिरून माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी घुमू लागते. त्यानंतर निवेदकाला बाहेर काय चाललंय हे सांगणारा एकच मार्ग उरतो, कानावरचा हेडफोन. जळगावला आकाशवाणी केंद्र १९७६ साली आलं. मध्यम लहरींवर त्याचे कार्यक्रम ऐकत खानदेशातल्या पिढ्या वाढल्या, पण घरातल्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचणारा आवाज बराच छाटलेला असे. मध्यम लहरींवर पाच किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही येतच नाही. स्टुडिओतला माणूस कानाला लावून जे ऐकत होता आणि आसोद्याच्या ओसरीवर जे ऐकू येत होतं, त्यात मोठं अंतर होतं. आज तेच स्टुडिओतलं यंत्र दहा हजारांच्या आगेमागे घरपोच येतं.

त्याचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनियल बाल्डविन याने १९१० च्या सुमारास स्वयंपाकघरात बसून बनवलेले हेडफोन तिथल्या नौदलाने घेतले. १९३७ मध्ये जर्मनीत बायर कंपनीचा डीटी ४८ आला. १९५८ मध्ये जॉन कॉस याने स्टिरिओ संगीतासाठी हेडफोन काढला आणि हे साधन तारायंत्राच्या माणसाकडून रसिकाकडे आलं. १९७९ च्या वॉकमनने ते रस्त्यावर नेलं. आज घराघरांत आढळणारे बंद स्टुडिओ हेडफोन त्यानंतरचे. बायरचा डीटी ७७० ऐंशीच्या दशकातला, सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ चा, ऑडिओ-टेक्निकाचा एम५० हा २००७ चा. पस्तीस वर्षांपूर्वीचं मॉडेल आजही तसंच विकलं जातं, हे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात विरळाच.

या तिन्हींचं मर्म उशीच्या सीलमध्ये आहे. आत साधारण ४० ते ४५ मिलिमीटरचा पडदा असतो. एवढासा पडदा मोकळ्या हवेत खर्ज वाजवू शकत नाही. तो वाजतो, कारण पडदा आणि कान यांच्यामध्ये हवेची एक बंद पिशवी तयार होते आणि पडदा तिला दाबतो. पिशवीला भोक पडलं की खर्ज गळतो. चष्मा लावणाऱ्यांनी हे घरच्या घरी करून पाहावं. तबल्याचं काही लावा आणि चष्म्याची काडी उशीखालून काढा, डग्गा एकदम अंगावर येतो. काडी परत आत घाला, डग्गा पोकळ होतो. हे लक्षात न घेता ‘या हेडफोनला बेसच नाही’ असं म्हणून तो विकून टाकणारे बरेच असतात. दाट केस, ओढणी, कानातली मोठी कुडी, सगळ्यांचा परिणाम हाच. चष्म्याला उपाय एकच, पातळ काडीची फ्रेम, आणि ती काडी उशीच्या वरच्या कडेशी येईल असा हेडफोन थोडा खाली ओढून बसवणं.

आता पुन्हा कूलर. बंद कप बाहेरचा आवाज अडवतो हे खरं, पण सगळ्या आवाजांना सारखं नाही. एक-दोन किलोहर्ट्झच्या वरचे आवाज, म्हणजे पाण्याची टिपटिप, भांड्यांचा खणखणाट, पोरांची किलबिल, चांगल्या बंद हेडफोनमध्ये २०-३० डेसिबलने खाली जातात. दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली मात्र साधी भिंत फार काही अडवत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून मोटरचा गुणगुणाट मुख्यतः त्याच्या दुपटीला, १०० हर्ट्झच्या आसपास असतो. डग्ग्याचा गाभाही तिथलाच. परिणाम मजेशीर आहे. कूलर चालू ठेवून बंद हेडफोनमध्ये ख्याल ऐकला, तर तानपुऱ्याची जवारी कधी नव्हे इतकी स्वच्छ येते, चाट लखलखीत येते, आणि डग्गा अर्धा गायब असतो. कूलर वेगळ्या स्टँडवर ठेवून पायांखाली रबर घातलं आणि वेग एक घर खाली आणला, तर तो बराचसा परत मिळतो. खालचे आवाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पुसणारे हेडफोन यात सरस आहेत हे मान्य. पण त्यांना चार्जिंग लागतं, आतली बॅटरी काही वर्षांत म्हातारी होते, आणि सगळा आवाज आतल्या चिपच्या मर्जीतून येतो. मला वायर बरी वाटते.

खरा धोका वेगळाच आहे. डग्गा दबला की हात आपोआप आवाज वाढवायला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसासाठी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलवर ४० तासांचे ४ तासच उरतात. बंद हेडफोनचा खरा उपयोग इथे आहे. बाहेरचं जितकं अडेल तितकं आतलं कमी ठेवता येतं. ज्याने तो घेऊनही आवाज पूर्वीइतकाच ठेवला, त्याने पैसे फुकट घालवले असं माझं स्पष्ट मत आहे. कूलर चालू असताना ठरवलेला आवाज कूलर बंद केल्यावर एकदा तपासावा. आपण किती जोरात ऐकत होतो ते कळून दचकायला होतं.

गरमीचं काय? जे सील खर्ज धरतं तेच घामही धरतं. कृत्रिम चामड्याच्या उशा खानदेशी उन्हाळ्यात कानाला चिकटतात, केसांचं तेल पितात, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत त्यांचे काळे पापुद्रे गालावर आणि उशीच्या अभ्र्यावर सापडू लागतात. मखमली उशा थंड असतात, पण त्यांतून हवा थोडी झिरपते आणि खर्ज बदलतो. दुसऱ्या कुठल्या जाडीची उशी लावली तरी पडदा आणि कान यांतलं अंतर बदलून आवाज बदलतो. उशी हा सुटा भाग दिसत असला तरी ती आवाजाच्या रचनेतलीच गोष्ट आहे, म्हणून बदलायची तर त्याच मापाची घ्यावी. मी स्वतः मेमध्ये एका बैठकीला एक राग, मग कान मोकळे, असंच ऐकतो. थंडीत मात्र हाच हेडफोन कानटोपीचं काम करतो आणि तासन्‌तास उतरत नाही.

जळगावात बसून हेडफोनवर काय ऐकावं, तर माझ्या मते बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस लहानपणी शिक्षणासाठी जळगावला नातेवाइकांकडे राहिले होते आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी इथे मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले. किर्लोस्कर नाटक मंडळीत ते गेले १९०५ मध्ये, म्हणजे त्या आधीची ही गोष्ट. जळगावकर अजून ते नातं जपून आहेत. दर जानेवारीत इथे बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो.

पण बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या स्टुडिओ हेडफोनवर लावल्या की आधी जे ऐकू येतं ते गाणं नसतं, खरखर असते. या यंत्राचा स्वभावच दोष दाखवण्याचा. ध्वनिमुद्रणात कुठे टिकटिक राहिली, कुठे श्वास फाटला, हे तंत्रज्ञाला सापडावं म्हणून बरेच स्टुडिओ हेडफोन वरच्या पट्टीत टोकदार असतात. सोनी ७५०६ तसाच, डीटी ७७० त्याहून अधिक. जुन्या तबकडीवर गाण्याचा मजकूर पाच-सात किलोहर्ट्झपर्यंतच असतो, त्याच्या वर उरते ती सुईची सळसळ. आणि तीच हा हेडफोन सगळ्यात प्रेमाने वाजवतो.

यावर दोन सोपे उपाय आहेत आणि दोन्ही फुकट आहेत. पहिला, फोनमधल्या इक्वलायझरने सहा-सात किलोहर्ट्झच्या वरचं खाली आणणं. दुसरा अधिक रंजक. या तबकड्यांचं मुद्रण एकेरी, आणि त्यांतली खाच आडवी डुलते, उभी नाही. आजच्या स्टिरिओ सुईने त्या वाजवून संगणकात घेतल्या, की गाणं दोन्ही कानांत सारखं येतं. पण खाचेच्या उभ्या खडबडीतून आलेली खरखर दोन कानांत परस्परविरुद्ध येते. म्हणून ती डोक्याच्या दोन्ही बाजूंनी पसरल्यासारखी वाटते आणि बालगंधर्व मधोमध अडकल्यासारखे. फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये मोनो ऑडिओचा पर्याय असतो. तो लावला की दोन्ही बाजू मिसळतात, ती विरुद्ध खरखर एकमेकींना खाऊन टाकते आणि गाणं जागच्या जागी राहतं. फरक ऐकण्यासारखा आहे. मग साथीला असलेल्या थिरकवाँसाहेबांच्या तबल्याचे बोल सुटे होतात, सारंगी कादरबक्षांची आहे हे ओळखू येतं, ऑर्गनचा भाता कुठे श्वास घेतो तेही कळतं. तीन-सव्वातीन मिनिटांत पद आटोपायचं म्हणून बालगंधर्व जागा किती घाईने आणि तरी किती अचूक घेतात, हे मला प्रथम अशा ऐकण्यातूनच उमगलं. स्पीकरवर ती घाई लक्षात येत नव्हती.

दुसऱ्या टोकाला आपली आजची अहिराणी गाणी. ‘केसावर फुगे’सारखं गाणं यूट्यूबवर कोट्यवधी वेळा वाजलं, आणि या धाटणीची गाणी हळदीत आणि कानबाईच्या मिरवणुकीत नाचून नाचून पाठ झालेली आहेत. ती हेडफोनवर ऐकायची गाणी नव्हेत, असं म्हणणारे बरेच भेटतात. मी असहमत आहे. बंद हेडफोनवर त्यांचं बांधकाम दिसतं. ढोल बहुधा कीबोर्डवरचा, पण ठेका अस्सल आपल्याकडचा. गळा सुरात बसवणाऱ्या सॉफ्टवेअरची खूण स्वरांच्या सांध्यांवर जाणवते. आवाजाची पातळी इतकी दाबून सपाट केलेली असते की हळू आणि जोरात यांत फरकच उरत नाही, कारण हे गाणं मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर आणि डीजेच्या भिंतीवर, दोन्हीकडे उठायला हवं. हेडफोनवर दुसऱ्या गाण्यानंतर कान शिणतो तो त्यामुळे. साक्री-पिंपळनेर पट्ट्यात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाजणारी पावरी नीट ध्वनिमुद्रित केलेली असेल, तर उलट अनुभव येतो. त्या सलग सुराखालचा वादकाचा श्वास ऐकू येतो आणि तो ऐकायला दुसरं साधन नाही.

मिरवणूकच दारात आली तर मात्र कुठलाच हेडफोन पुरा पडत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण डीजेपुढे ती कागदावरच राहते. डीजेचा खर्ज कानातून नव्हे, छातीच्या पिंजऱ्यातून शिरतो. अशा वेळी हेडफोन काढून खिडकीत जाऊन उभं राहावं.

टिकाऊपणाबद्दल एक सांगितलंच पाहिजे. या हेडफोनांचा जीव तारेत असतो, आणि तार बहुधा पिनच्या मुळाशी तुटते. एका कानात आवाज येतो-जातो, तार वळवून धरली की चालतो. अनेकांच्या मते मग नवीनच घ्यावा. सोनी ७५०६ ची गुंडाळी वायर तर सुटीही होत नाही. धुळ्यात आग्रा रोडला मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका पोराने माझी तार कापून उघडली, नखाने चाचपली आणि म्हणाला, “भाऊ, हाई वायर साधी नही शे.” आतल्या केसासारख्या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो. साध्या वायरसारखं सोलून डाग दिला तर टाका वर बसतो आणि वीज आत जात नाही. त्याने आधी तापल्या कथलाच्या थेंबात टोकं बुडवून लाख जाळली, तांबं चमकल्यावर लाल उजव्याला, दुसरा रंग डाव्याला, उघडी तांब्याची तार जमिनीला अशी नव्या पिनला जोडली, वरून आकसणारी नळी चढवून लायटर फिरवला. मग स्वतःच्या फोनला लावून हेडफोन डोक्यावर चढवला, एक गाणं अर्धं ऐकलं, आणि पैसे सांगायच्या आधी हा केवढ्याचा आणि कुठे मिळतो ते विचारलं.