आवाज काठावर असतो

सकाळी साडेआठ. व्हीसीआरला हात लावण्याआधी कॅसेट खिडकीच्या उजेडात धरून बघायची. रिळाच्या कडेला पांढरे ठिपके दिसले की समजायचं, बुरशी. पावसाळ्यात इंदूरची हवाही दमट होते, आणि कपाटात साड्यांखाली वर्षानुवर्षं पडलेल्या कॅसेटला ती धरतेच. अशी कॅसेट चांगल्या मशीनला लावली तर बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या घरच्या कॅसेटला लागते. म्हणून तिच्यासाठी एक जुनं मशीन वेगळं ठेवलंय.

आजची कॅसेट लोकमान्य नगरातल्या एका काकूंची आहे. मुलाच्या लग्नाची, १९८९ची. "लग्नाचे फोटो आहेत रे भरपूर," काल त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा आवाज कुठे मिळतो का तेवढं बघ."

साडेनऊ. कॅसेटचे पाच स्क्रू काढले. बुरशी नाही, पण सुरुवातीलाच पट्टीची वरची कड दुमडलेली. नेमकी हीच कड वाईट. व्हीएचएसची पट्टी अर्धा इंच रुंद; चित्र तिच्या मधल्या भागात तिरक्या रेघांनी उतरतं, आणि साध्या मशीनवरचा आवाज वरच्या काठाला जेमतेम एक मिलिमीटर जागेत. पट्टी चुरगळली की चित्राआधी आवाज जातो. दुमड बोटांनी उलगडली, फाटलेला तुकडा मागच्या बाजूने स्प्लायसिंग टेपने जोडला. इथे साधी सेलोटेप लावायची नाही, तिचा गोंद उन्हाळ्यात सुटतो आणि हेडला चिकटतो. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे, एकदा मागे फिरवली.

अकरा. पिवळी, पांढरी, लाल पिन लावली, कॅप्चर सुरू. आता घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. आत ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो, सेकंदाला २५ चित्रं कॉम्प्युटरात जातात. मी हेडफोन लावून समोर बसतो. कॅप्चर लावून बाजारात जाऊन येणारे आहेत, मला ते पटत नाही. जीर्ण पट्टी दुसऱ्यांदा चालेलच असं नाही, आणि ट्रॅकिंग सरकलं तर ते त्याच क्षणी सावरावं लागतं.

लग्नात काकांचा आवाज नाही. कोणाचाच नाही. मंगलाष्टकांवर, विहिणींच्या बोलण्यावर, पंगतीवर, सगळीकडे सिनेमाची गाणी. त्या काळी मिक्सिंगची हीच रीत होती. शूटिंगवाला मूळ आवाज पुसून गाणी भरायचा आणि घरच्यांना तेच छान वाटायचं. या कामातलं मला सर्वांत जास्त टोचणारं दुःख हेच आहे. हजारो घरांतली माणसं पडद्यावर ओठ हलवतात आणि ऐकू येते ती कुणातरी पार्श्वगायकाची तान.

विदाई झाली, पडदा मुंग्यांनी भरला. बरेच जण इथे कॅप्चर थांबवतात. मी पट्टी संपेपर्यंत चालू ठेवतो, कारण उरलेल्या जागेत घरच्यांनी काय काय भरलेलं असतं! बराच वेळ मुंग्याच. मग एकदम रात्र, गॅलरी, खाली माणसांचा समुद्र. अनंत चतुर्दशीची मिरवणूक, गिरण्यांच्या झांक्या, दिव्यांनी लखलखणाऱ्या. हुकुमचंद मिल १९९१मध्ये बंद पडली, पण कामगारांनी झांकी सोडली नाही; इथे मात्र गिरणी अजून चालू आहे. कॅमेरा हलतो आणि अगदी माइकजवळ एक पुरुषी आवाज येतो, "अगं, चहा राहू दे! हुकुमचंदची आली, बाहेर ये!"

दीड वाजता फोन केला. आवाज ऐकवला. काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "गेलेच नव्हते रे मी बाहेर. दूध उतू चाललं होतं."

तीन. मूळ फाइल हार्ड डिस्कवर आहे तशी ठेवली. एका डीव्हीडीवर ४.७ जीबी, दोन तासांपलीकडे कोंबलं की चित्राचे चौकोन पडतात, म्हणून दोन डिस्क. लग्न एकीवर, झांकी दुसरीवर. खरखर थोडीच कमी केली. जास्त घासली तर तिच्याबरोबर आवाजाची धारही जाते. डिस्क सावकाश लिहायला लावली आणि घरच्या टीव्हीच्या प्लेअरवर लावून पाहिली.

सहा. काकू स्वतः आल्या. डिस्क, पेन ड्राइव्ह आणि कॅसेटही परत. "आता ही टाकून देऊ?" नको म्हटलं. जपानच्या फुनाईने २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं बंद केलं, तेव्हापासून नवं मशीन मिळत नाही. आम्ही भंगारात निघालेल्यांतून बेल्ट आणि रोलर काढून जुनी चालवतो. पण मशीन आहेत तोवर मूळ पट्टी हातची घालवू नये.

साडेसात. उद्यासाठी छोटी व्हीएचएस-सी कॅसेट आली आहे, मुंजीची. तिच्या अडॅप्टरला पेन्सिल सेल लागतो, तो घरात नाही. दुकान बंद व्हायच्या आत कोपऱ्यावर जाऊन आणतो.