पराटीच्या फुलाचा फोटो आणि त्यावरचा अभिप्राय

ऑगस्टमध्ये आर्णी तालुक्यातल्या वावरांत पराटी, म्हणजे कपाशी, फुलावर येते आणि फुलांचे जवळून काढलेले फोटो मोबाइलवर फिरू लागतात. बघणारे ‘छान’, ‘मस्त’ म्हणतात, कोणी नुसता अंगठा दाखवतो. काढणाऱ्याला बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यावर उभं राहिल्यावर काय वेगळं करायचं, ते त्यातून कळत नाही. अभिप्राय कामाचा आहे की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: तो ऐकून पुढचा फोटो बदलता येतो का?

बोलण्याआधी फोटो नीट मिळायला हवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवला की फाइल दाबली जाते आणि पाकळीवरच्या बारीक शिरा आधी जातात. मग ‘फोकस चुकला’ असं आपण म्हणतो, तो दोष कॅमेऱ्याचा नसतोच. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवावा. आधी पूर्ण चौकट पाहावी आणि नजर पहिल्यांदा कुठे गेली ते लक्षात ठेवावं. मोठा करून तपासणं त्यानंतर.

मग एक प्रश्न विचारावा: हा फोटो कशासाठी काढला? पराटीच्या बाबतीत तर हा प्रश्न टाळताच येत नाही. समजा, समोर अशा एका फुलाचा फोटो आहे, ज्याच्या पाकळ्या उमललेल्याच नाहीत. त्या एकमेकींत पिळल्या जाऊन गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या आहेत. नुसता आकार पाहणारा म्हणेल, काय सुंदर वळण आहे! कास्तकार मात्र एका नजरेत ओळखतो की ही डोमकळी आहे. गुलाबी बोंडअळीची अळी फुलात शिरून पाकळ्या आतून बांधून घेते, म्हणून फूल उमलत नाही. अशा डोमकळ्या तोडून नष्ट करायला सांगतात. हा फोटो कृषी सहायकाला दाखवायचा असेल, तर मागची पानं किती सुरेख धूसर झाली याला काही अर्थ नाही. तिथे अभिप्राय असा हवा: ‘पाकळ्या अलगद उघडून आतली अळी दिसेल असा दुसरा फोटो काढ, आकार कळावा म्हणून शेजारी एखादं नाणं धर आणि पूर्ण झाडाचाही एक फोटो जोड.’ तोच फोटो आकारातल्या सौंदर्यासाठी काढला असेल, तर बोलणं वेगळं.

रंगावर बोलताना तर फूल ओळखता आलंच पाहिजे. आपल्याकडच्या अमेरिकन कपाशीचं फूल उमलतं त्या दिवशी फिकट पिवळसर पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लालसर होऊन कोमेजतं. हे माहीत नसलेला माणूस दुसऱ्या दिवशीच्या फुलाचा फोटो पाहून ‘रंग बिघडलाय, गुलाबी छटा काढ’ असं सांगून मोकळा होतो. ऐकणाऱ्याने ते मानलं तर खरा रंग पुसला जाईल. शंका असेल तेव्हा आधी शेजारचं हिरवं पान पाहावं. पानावरही गुलाबी झाक असेल तर कॅमेऱ्याचं चुकलं, नसेल तर फूलच तसं आहे.

जवळून काढलेल्या फोटोवर सगळ्यात जास्त ऐकू येणारा शेरा म्हणजे ‘सगळं फूल स्पष्ट नाही’. बहुतेक वेळा हा शेरा अन्यायाचा असतो. पुंकेसर सेन्सरवर खऱ्या आकाराएवढे उमटतील इतक्या जवळ गेलं, तर फुल फ्रेम कॅमेऱ्यात एफ/८ ला स्पष्ट दिसणारा थर जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा असतो. एफ/१६ ला तो सुमारे दुप्पट होतो, पण त्यापुढे छिद्र लहान करत गेलं की विवर्तनामुळे सगळंच चित्र मऊ पडू लागतं. म्हणजे सगळं स्पष्ट मिळणारच नाही. काय स्पष्ट ठेवायचं ते निवडावं लागतं. म्हणून अभिप्राय असा हवा: ‘पुढच्या पाकळीची कड स्पष्ट आहे, पण माझी नजर मधल्या पिवळ्या परागांकडे जाते आणि ते धूसर आहेत. पराग आणि जवळची पाकळी एकाच पातळीत येतील असा कॅमेरा थोडा बाजूला घेऊन बघ.’ यात जागा सांगितली, नजरेचा अनुभव सांगितला आणि करायची कृतीही सांगितली. फोनवाल्याला सांगावं की फुलाला चिकटू नको. वीतभर मागे ये, दुपटीने झूम कर आणि स्क्रीनवर परागांवर बोट ठेव.

उजेडाचंही तसंच. ‘ऊन जास्त झालं’ एवढ्याने भागत नाही. ‘डावीकडच्या पाकळीच्या शिरा पांढऱ्यात विरून गेल्या, एक्स्पोजर थोडं उतरव किंवा फुलावर छत्रीची सावली धर’ असं सांगावं. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा अडचण लाल रंगाची असते. भगवा-लाल इतका भडक नोंदला जातो की पाकळ्यांमधली घडी जाऊन एक सपाट डाग उरतो. उपाय तोच, एक्स्पोजर उतरवणं. नंतर संगणकावर रंग वाढवायचा मोहही आवरायला हवा.

ऐकणाऱ्याचं कामही सोपं नाही. आपण त्या फुलासाठी चिखलात गुडघे टेकलेले असतात, वारा थांबायची वाट पाहिलेली असते. पण बघणाऱ्यापुढे फक्त चौकट असते. ‘वारा होता ना’ हे उत्तर खरं असलं तरी ओठांवर अडवावं आणि पुढचं विचारावं: ‘तुझी नजर कुठे अडली?’ दोन माणसं स्वतंत्रपणे एकाच जागेवर अडखळली, तर तिथे नक्की काहीतरी आहे. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र मानलाच पाहिजे असं नाही. ‘कडेचं देठ कापून टाक’ असं कोणी म्हटलं, तर देठ खटकतंय एवढंच घ्यावं. ते कापायचं की पुढच्या वेळी खालून फोटो घ्यायचा, हे काढणाऱ्याने ठरवावं.

स्पर्धेला फोटो पाठवणाऱ्याला आणखी एक गोष्ट आधीच सांगावी, कारण फोटो उत्तम असूनही तो बाहेर पडू शकतो. निसर्ग छायाचित्रणाची जी व्याख्या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण संस्थांनी २०१५पासून एकत्रितपणे लागू केली, तिच्यात लागवडीच्या आणि संकरित वनस्पती बसत नाहीत. पराटीचं फूल त्या विभागात चालणार नाही, ते खुल्या विभागात द्यावं. माळरानावरचा आपोआप उगवलेला पळस चालेल.

अभिप्राय शक्यतो त्याच संध्याकाळी द्यावा. आजचं फूल उद्या गुलाबी झालेलं असेल, पण त्याच झाडावर किंवा शेजारच्या तासात दुसरं फूल उमललेलं सापडेल, आणि सांगितलेलं ताजं असताना ते करून पाहता येईल. नवा फोटो जुन्याशेजारी ठेवून ज्याने अभिप्राय दिला त्यालाच परत पाठवावा. आपलं सांगणं लागू पडलं की नाही, हे त्यालाही तेव्हाच कळतं.